वर्दळ थांबली, पण कुणाची?

प्लेगच्या साथीत लोक घर सोडून बाहेर पडत असत आणि कोरोनाच्या साथीत लोकांना घरात थांबवले गेले, ही एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तरी साथीच्या काळातील माणसांच्या जाण्यायेण्याविषयी आपण किती घाईने मत बनवतो हे लक्षात येते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो दख्खनभर पसरला. कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेऊन दोन. घरात उंदीर मरून पडू लागले की बिऱ्हाड उचलून माळावर किंवा शेतात खोपी घालून राहायचे, ही त्या काळाची रीत आमच्या कोल्हापूर भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात अगदी अलीकडेपर्यंत येत असे. ती रीत अडाणीपणाची नव्हती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये दाखवले, पण उंदीर पडला की घर धोक्याचे झाले, हे लोकांना त्याआधीच अनुभवाने कळले होते. कोरोनाचा धोका माणसाच्या श्वासात होता आणि बंद, कोंदट जागेत तो वाढत होता. दोन्ही रोगांच्या वाटा वेगळ्या, म्हणून त्यांच्यावरचे उपायही उलट दिशेचे. कायदा मात्र एकच. १८९७ चा साथरोग कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू झाला आणि माणसांची ये-जा रोखण्याचे जे अधिकार त्यात होते, तेच आपण जवळपास सव्वाशे वर्षांनी वापरले.

साथ आल्यावर शहराची हालचाल कमी करावी लागते, याविषयी माझा वाद नाही. माझा आक्षेप आहे तो हालचाल ही एकच एक गोष्ट समजण्याला. रस्त्यावर किती माणसे दिसतात यावरून आपण साथ आटोक्यात आहे की नाही हे ठरवत राहिलो, पण कुणाचे जाणे थांबले, कुणाचे थांबूच शकत नव्हते आणि थांबलेल्यांपैकी कुणाला ते पुन्हा मिळाले, हे प्रश्न कोल्हापुरात फारसे कुणी विचारले नाहीत. ते आजही विचारण्याजोगे आहेत, कारण त्या दोन वर्षांत शहराच्या चालण्याफिरण्याला जे वळण लागले ते साथ संपल्यावरही तसेच राहिले आहे.

२२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू होता. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी आली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. अंबाबाईचे मंदिर त्याआधीच दर्शनासाठी बंद झाले होते. ते उघडले १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला. मधले नवरात्र भाविकांविना गेले. एप्रिल २०२१ मध्ये मंदिर पुन्हा बंद झाले आणि त्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, उघडले. जोतिबाची चैत्र यात्रा रद्द झाली. ज्यांना कोल्हापूर ठाऊक आहे, त्यांना या तारखांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. महाद्वार रोड, जोतिबा रोड, गुजरी, भवानी मंडप या सगळ्या परिसराची वर्दळ देवीच्या दर्शनाला बांधलेली आहे. ओटीचे साहित्य विकणारी बाई, यात्री निवासातील नोकर, पापाच्या तिकटीवरचा चपलांचा दुकानदार, स्टँडवरचा रिक्षावाला यांचे दिवस बाहेरगावच्या माणसांच्या पायांनी चालतात. त्या पायांची वाट बंद झाली, तेव्हा यांना कुणी जागेवर थांबवले नाही, तरी यांचेही चालणे थांबले. मुंबई-पुण्याहून येणारी बस बंद करणे हा एक प्रशासकीय निर्णय असतो, पण त्याची झळ जिथे बसते ती ठिकाणे आदेशात कुठेच लिहिलेली नसतात.

त्या काळात हालचाल मोजण्याचे एक नवे साधन आपल्या हाती आले. गूगलने एप्रिल २०२० पासून ऑक्टोबर २०२२ पर्यंत लोकांच्या ये-जा करण्याविषयीचे अहवाल प्रसिद्ध केले. मोबाइलमधील ठिकाणाच्या नोंदींवरून दुकाने व करमणुकीची ठिकाणे, किराणा व औषधे, बागा, वाहतुकीचे थांबे, कामाची ठिकाणे आणि राहती घरे अशा सहा प्रकारांत रोजची वाढ किंवा घट त्यात दिलेली असे, आणि भारतातील आकडे जिल्हावार पाहता येत. तुलनेसाठी ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हे पाच आठवडे ‘नेहमीचे’ म्हणून धरले होते. हे आकडे निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यात जानेवारी हा नेहमीचा महिना असतो का? तो गळीत हंगामाचा ऐन भर असतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फडात असतात आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते व्यापलेले असतात. पावसाळ्यातील जुलै, जेव्हा भातलावण चालू असते आणि पंचगंगा पात्राबाहेर येऊ पाहते, तो या जानेवारीशी ताडून पाहिला तर जी घट दिसेल, तिच्यातली साथीमुळे किती आणि पावसामुळे किती? शिवाय ज्याच्याकडे साधा फोन आहे, किंवा घरात मिळून एकच स्मार्टफोन आहे आणि तो मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी ठेवला आहे, त्या माणसाचे चालणे या मोजणीत उमटतच नाही. पहाटे रस्ता झाडणाऱ्या कामगाराने चार किलोमीटर चालून हजेरी लावली, तरी त्या तक्त्यात त्याच्या नावाचे पाऊल पडत नाही. मोजणीच्या साधनाला जे दिसत नाही, ते पुढे धोरणालाही दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

आणि जे दिसत नव्हते ते थोडे नव्हते. दुधाच्या गाड्या एक दिवसही थांबल्या नाहीत. आशा कार्यकर्त्या घरोघर फिरत होत्या. वायरमन, सफाई कामगार, औषध दुकानांतील पोरे, सीपीआर या सरकारी रुग्णालयातील परिचारिका आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी टाळेबंदी म्हणजे रोजच्याच रस्त्यावर अधिक तपासणी, एवढाच बदल होता. ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले आणि एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी जाण्याची मुभा मिळाली. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील परप्रांतीय कामगार मे महिन्यात श्रमिक रेल्वेने परत गेले. त्याच महिन्यात उलट दिशेने मुंबईकर येत होते. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांतील घरटी एक-दोन माणसे पोटासाठी मुंबईत असतात आणि तिथे काम नाही, खोलीत दहा माणसे, अशा स्थितीत त्यांनी गावाकडे यावे यात नवल काहीच नव्हते. त्यांना किणी टोलनाक्यावर अडवले गेले, तपासणीसाठी नेले गेले, गावच्या शाळेत चौदा-चौदा दिवस ठेवले गेले. कित्येक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ते बंद केले. ज्यांच्या मनिऑर्डरींवर गावातील घरे उभी राहिली, त्यांनाच गावाने वेशीवर उभे केले. भीतीपोटी घडलेल्या या गोष्टीचा दोष मी एकेका गावाला देत नाही, पण घरी परतणे हीसुद्धा माणसाची हालचालच आहे आणि तिची सोय आधी करून मग सीमा बंद करता आल्या असत्या, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आमच्या गल्लीत चार घरी धुण्याभांड्याचे काम करणाऱ्या एक मावशी कळंब्याच्या पलीकडून येत. बस बंद झाली तेव्हा त्या पहिले काही दिवस चालत आल्या. मग दोन घरांनी त्यांना ‘सध्या नको’ म्हणून सांगितले. उरलेल्या दोन घरांसाठी एवढे अंतर रोज तुडवणे परवडेना, म्हणून ती कामेही सुटली. सरकारी आदेशाने त्यांना कामावर येण्यास कधीतरी पुन्हा परवानगी दिली, पण त्या परत आल्या नाहीत, कारण परवानगीने अंतर कमी होत नाही. त्यांच्याविषयी विचार करताना मला नेहमी वाटते, की पहिल्या टाळेबंदीत आपण ‘अत्यावश्यक सेवा’ हे शब्द दुकाने आणि कार्यालये यांना लावले, पण त्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या वाहनाला मात्र लावले नाहीत. मोटारसायकल असलेल्या माणसाला पास मिळाला की तो सुटला. बसवर अवलंबून असलेल्या बाईला पास मिळूनही काही उपयोग नव्हता.

आता नियमांच्या गाभ्याकडे येतो. पहिल्या टाळेबंदीत रंकाळा तलावावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना रोखले गेले. त्या वेळी विषाणूविषयी कुणालाच पुरेसे माहीत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मार्च २०२० मध्ये हा रोग हवेतून पसरत नाही, असे ठासून सांगत होती. पण बंद आणि गर्दीच्या जागांत तो हवेतून पसरतो हे पुढच्या वर्षभरात स्पष्ट झाले, आणि तरीही २०२१ मध्ये आपले नियम मोकळी हवा आणि कोंडलेली हवा असा भेद करायला शिकले नव्हते. तळ्याकाठचा मोकळा वारा बंद आणि बँकेचा बंदिस्त हॉल चालू, अशी स्थिती होती. एप्रिल २०२१ च्या आदेशात किराणा, भाजी, दूध यांची वेळ सकाळी सात ते अकरा अशी ठरली. जे गिऱ्हाईक बारा-चौदा तासांत विखुरले असते, ते चार तासांत गोळा झाले. लक्ष्मीपुरीच्या बाजारात सकाळी साडेदहा वाजता पाय ठेवायला जागा नसे आणि साडेअकराला तिथे चिटपाखरू नसे. साडेअकराचे छायाचित्र पाहून शहर थांबले असे वाटते, पण रोगाच्या दृष्टीने महत्त्वाची वेळ साडेदहाची होती. २०२० च्या जूनमध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एक दिवस आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, असा नियम होता, त्यातही हीच चूक होती. उघडलेल्या दुकानांची संख्या निम्मी केली की गिऱ्हाईक निम्मे होते, असे धरून चालले गेले. गिऱ्हाइकाची गरज मात्र तेवढीच राहते. ते उरलेल्या निम्म्या दुकानांत दाटीने उभे राहते.

याच काळात एक गोष्ट चांगली झाली होती आणि ती आपण फार लवकर विसरलो. मंडयांतील गर्दी फोडण्यासाठी भाजीविक्रेत्यांना रस्त्यांवर आणि मोकळ्या जागांत, अंतर राखून, चौकोन आखून बसवले गेले. ज्या उपनगरांना भाजीसाठी कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरी गाठावी लागे, त्यांना घराजवळ ताजी भाजी मिळू लागली. लोकांना दामटून घरी पाठवण्यापेक्षा त्यांना जिथे जावे लागते ती गोष्टच जवळ आणणे, हा साथीच्या काळातील हालचाल कमी करण्याचा सर्वांत सभ्य आणि टिकाऊ मार्ग होता. निर्बंध उठताच मात्र बहुतेक विक्रेते पुन्हा जुन्या जागी गेले आणि जे रस्त्यावर राहिले, त्यांच्याकडे पुन्हा अतिक्रमण म्हणून पाहिले जाऊ लागले.

माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. निर्बंध एवढे कडक नसते तर दुसऱ्या लाटेत कोल्हापूरची स्थिती आणखी वाईट झाली असती, असे कुणी म्हणेल. तसे झाले असते हे मी नाकारत नाही. त्या उन्हाळ्यात ऑक्सिजनसाठी धावणारी माणसे मी पाहिली आहेत आणि तेव्हा कुणी ‘सगळे बंद करा’ म्हणाले असेल, तर त्यामागची कळकळ मला समजते. पण क्रम पाहा. १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून राज्यभर संचारबंदीसारखे निर्बंध होते. मेच्या मध्यावर जिल्ह्यात आठ दिवसांची आणखी कडक टाळेबंदी झाली. आणि ७ जूनपासून राज्याने बाधितांचे प्रमाण व ऑक्सिजन खाटांची स्थिती पाहून पाच स्तर ठरवले, तेव्हा कोल्हापूर चौथ्या, म्हणजे जवळपास सर्वांत कडक स्तरात होते. जवळपास दोन महिने रस्ते ओस ठेवूनही जिल्हा शिथिलतेच्या शेपटीला राहिला. याचे कारण एकच असणार नाही, पण रस्त्यावरची वर्दळ आणि रोगाचा प्रसार हे एकाच काट्यावर मोजता येत नाहीत, एवढे तरी त्यातून दिसते. पेठांमधील दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहत असतील आणि त्यांतील एकाला कारखान्यात जाणे भाग असेल, तर दारापुढचा रस्ता ओस पाडून त्या घरातील हवा बदलत नाही. व्यापाऱ्यांनी त्या वेळी जो विरोध केला, त्याला केवळ धंद्याची हाव म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते.

साथीनंतर काय झाले, याकडे वळले की चिंता अधिक वाटते. एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० पासून सुरू झाली. प्रवाशांचा विश्वास हळूहळू परतत असतानाच, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागील हलाखी खरी होती, पण दोन वर्षांत दुसऱ्यांदा बस गायब झाल्याने प्रवाशाने आपली सोय कायमची बदलली. रेल्वेच्या पॅसेंजर गाड्या परतल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने. पूर्वीचे दहा रुपयांचे किमान भाडे तीस झाले आणि ते २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत तसेच राहिले. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले या पट्ट्यातून कोल्हापूरला रोज येणाऱ्या मजुराला, विद्यार्थ्याला हा फरक महिन्याच्या हिशेबात सहन होण्याजोगा नव्हता. मुंबईला जाणारी सह्याद्री एक्स्प्रेस थांबली ती २०२३ च्या अखेरीस परतली, आणि तीही पुण्यापर्यंतच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यासाठी वंदे भारत आली. तिचे स्वागत आहे, पण ज्यांची पॅसेंजर गेली होती त्यांच्यासाठी ती आलेली नाही.

ही पोकळी भरून काढली ती वडापने, म्हणजे खासगी जीपगाड्यांतून होणाऱ्या प्रवासी वाहतुकीने, आणि दुचाकीने. कोल्हापूर आधीपासूनच दुचाक्यांचे शहर आहे, पण पूर्वी घरात एक गाडी असे आणि बाकीचे बसने किंवा चालत जात. साथीच्या काळात ‘आपली गाडी सुरक्षित’ हा विचार इतका खोल रुजला, की कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी मोपेड घेणे ही चैन राहिली नाही. मुलींना स्वतःची गाडी मिळाली याचा मला आनंदच आहे. दुःख याचे आहे, की ज्या घरांना हप्ता परवडत नाही, त्या घरातील मुलींपुढे बस नाही आणि गाडीही नाही, असा पेच उभा राहिला, आणि अशा वेळी पहिला बळी शिक्षणाचा जातो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा स्टँडवर बायकांची जी गर्दी उसळली, ती पाहून मला वाटले की एवढ्या बायका आधी घरी थांबल्या होत्या त्या जाण्याची इच्छा नव्हती म्हणून नव्हे. भाडे कमी झाले आणि माहेर, बाजार, दवाखाना, नोकरी या सगळ्या वाटा त्यांच्यासाठी एकदम जवळ आल्या. शहराच्या हालचालीचा कोणताही अहवाल जे सांगू शकला नाही, ते त्या एका सवलतीने सांगितले. महापालिकेच्या शहर बससेवेच्या, केएमटीच्या, बाबतीत मात्र असे काही घडलेले नाही. अपुऱ्या बस आणि लांबलेल्या फेऱ्या यांमुळे थांब्यावर उभा राहणारा माणूस रोज थोडा कमी होतो, माणूस कमी झाला म्हणून फेरी कमी होते, आणि हे चक्र थांबवायचे तर पैसा ओतूनच थांबवावे लागेल.

यात आणखी एक गुंता कोल्हापूरचा स्वतःचा आहे. महापालिका १९७२ मध्ये झाली, पण हद्द जिथे होती तिथेच राहिली. शहर मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव, शिंगणापूर अशा गावांत कधीच जाऊन पोहोचले आहे. जुन्या पेठांत दूध, दळण, वाणी, दवाखाना, तालीम सारे चालत जाण्याच्या अंतरावर होते. म्हणून टाळेबंदीत शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या माणसाची जागा अडचणीची असली, तरी त्याची गरज पायी भागत होती. हद्दीबाहेरच्या नव्या कॉलनीत घर मोठे, हवा मोकळी, पण साध्या औषधासाठी गाडी काढावी लागे. हद्दवाढीच्या वादात कर, आरक्षणे आणि शेती यांवर खूप बोलले जाते, आणि त्यातील गावकऱ्यांची भीती निराधारही नाही. तरी बस कुणाच्या हद्दीत कुणी चालवायची, पदपथ कुणी बांधायचा, हा प्रश्न त्या वादात जवळजवळ ऐकूच येत नाही.

पंचगंगेच्या पुराच्या बाबतीत आपण शहाणे झालो आहोत. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर आले की इशारा, ४३ फुटांवर आले की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. नदीकाठच्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना कधी हलायचे, जनावरे कुठे न्यायची, कोणता रस्ता आधी पाण्याखाली जातो, कोणता शेवटपर्यंत चालू राहतो, हे २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरांनी पक्के शिकवले आहे. २०२१ च्या जुलैमध्ये तर साथ आणि पूर एकाच वेळी अंगावर आले, आणि घरात थांबा असे सांगणाऱ्या प्रशासनालाच लोकांना घराबाहेर काढावे लागले. साथीसाठी राज्याने जे पाच स्तर केले, त्यांत दुकान किती वाजेपर्यंत उघडे राहील हे होते. पुराच्या आराखड्यात जसे रस्ते असतात, तसे रस्ते त्यात नव्हते. कोल्हापूरच्या साथीच्या आराखड्यात ते असावेत: कोणत्या स्तरावरही न थांबणारे आठ-दहा बसमार्ग, खिडक्या उघड्या ठेवून आणि अर्ध्या आसनांवर चालणारे, सीपीआर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि हद्दीबाहेरच्या गावांना जोडणारे, औद्योगिक वसाहतींतील पाळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे-मागे केलेल्या, प्रत्येक प्रभागात भाजीसाठी आधीच ठरवून ठेवलेले मैदान, रंकाळ्याचा काठ दिवसभर उघडा, आणि मुंबईहून येणाऱ्या माणसासाठी वेशीवरच्या बाभळीच्या फांद्यांऐवजी गावाने आधीच तयार ठेवलेली, दारात पाणी आणि वर दिवा असलेली खोली.